लहानपण अवघड गेलेल्या आयांचे बाळाच्या वरच्या खाण्याबद्दलचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मुलींनी मला पाठवलेले आहेत, पुन्हा पुन्हा, कधी रात्री दोन वाजता. बहुतेकजणी विशीच्या आसपासच्या, पहिलं बाळ, आणि लहानपणाचा विषय निघाला की पटकन दुसरं काहीतरी बोलायला लागतात. मी स्वतः १९ व्या वर्षी आई झाले आणि आमच्या घरात जेवणाची वेळ हीच दिवसातली सगळ्यात भीतीची वेळ असायची, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या. साधे प्रश्न आधी, अवघड नंतर. तेच तेच परत लिहायला नको म्हणून मधे मधे प्रश्नांचे नंबर दिलेत. मी डॉक्टर नाहीये, बाळाचं वजन वाढत नसेल किंवा ते आजारी असेल तर आधी डॉक्टर, मग हे.

१. ताई, वरचं खाणं नक्की कधी चालू करायचं? कोण चार महिने म्हणतं, कोण सहा.

सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण १८० दिवस. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. तोपर्यंत फक्त दूध, वरून पाणीसुद्धा नको. चार महिन्यांच्या आत तर काहीच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

तारखेबरोबर बाळाकडेही बघ. आधार देऊन बसवलं तर मान ताठ राहते का, वस्तू बघून हातात धरून तोंडापर्यंत नेतं का, आणि चमचा लावला की जिभेने सगळं बाहेर ढकलायचं थांबलंय का. या तिन्ही गोष्टी दिसल्या की बाळ तयार. मुठी चोखतंय, रात्री जास्त उठतंय, तुमच्या ताटाकडे टक लावून बघतंय, यातलं काहीच भुकेची खूण नाही, त्या वयातली सगळीच बाळं हे करतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वेगळं आहे, प्रश्न १२ बघ.

२. पहिल्या दिवशी काय आणि किती द्यायचं? मला हे शिकवणारं कुणी नाहीये.

२-३ छोटे चमचे, बास. शिजवून मऊ केलेलं काहीही चालतं, बटाटा, गाजर, डाळ, भात, केळं, अंडं. अमुकच पहिलं दिलं पाहिजे असा नियम नाही. फक्त फार पातळ करू नकोस. चमचा आडवा केला तर पाण्यासारखं ओघळता कामा नये, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं आणि अंगाला काही लागत नाही.

पुढचं गणित असं. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा, वाढवत वाढवत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटीच, पण ३-४ वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, ३-४ वेळा, आणि हवं तर मधे १-२ वेळा थोडं काहीतरी. सुरुवातीला वरच्या खाण्यातून जेमतेम २०० कॅलरी लागतात, बाकी सगळं दुधातून येतं, म्हणून दूध कमी करायचं नाही, आईचं दूध तर दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवता येतं. हे आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. वाटी संपवायलाच पाहिजे असं नाही आणि ते ज्यांना पटत नाही त्यांनी थेट प्रश्न ७ वर जावं.

पहिले काही दिवस निम्मं हनुवटीवर, निम्मं बिबवर. आणि शीचा रंग, वास, सगळं बदलतं, त्याला घाबरू नकोस.

३. सगळे लोह लोह करतात, ते एवढं महत्त्वाचं का?

पोटात असताना बाळाने आईकडून लोहाचा साठा घेतलेला असतो, तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला अमेरिकेतल्या मापाप्रमाणे दिवसाला ११ मिलिग्रॅम लागतं, ते मोठ्या पुरुषापेक्षाही जास्त आहे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. मांस, मासे, अंडं, डाळी आणि लोह घातलेलं तयार धान्य यातून ते येतं. डाळ किंवा भाजी असेल तर सोबत टोमॅटो, संत्रं असं आंबटसर काहीतरी दे, लोह जास्त शोषलं जातं. वयाने लहान आयांच्या स्वतःच्या अंगातही रक्त कमी असण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा बाळाला दाखवायला जाशील तेव्हा स्वतःचंही तपासून घे.

४. काय अजिबात द्यायचं नाही?

मध, वर्षाच्या आत एक थेंबही नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. साखर नको, मीठ वरून घालायचं नाही, फळांचा रस वर्षापर्यंत नको, चहा तर नाहीच कारण तो लोह अडवतो. गाईचं दूध स्वयंपाकात थोडं चालतं, पण वर्षाच्या आत तेच मुख्य दूध म्हणून नको, पावडरचं दूध परवडत नसेल तर आपल्या मनाने बदलण्याआधी डॉक्टरांना विचार. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे, पॉपकॉर्न हे घशात अडकतं, त्याचं पुढच्या प्रश्नात.

५. बाळाला ओकारीसारखं झालं की माझे हातपाय गळतात आणि मी परत सगळं गाळून द्यायला लागते. काय करू?

ओकारी येणं आणि घशात अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओकारी येते तेव्हा आवाज येतो, तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते, डोळ्यात पाणी येतं, आणि बाळ स्वतःच तो घास पुढे आणतं. बाळ खायला शिकतंय एवढाच त्याचा अर्थ. तू शांत बसून राहायचंस, बोटं घालायची नाहीत. खरंच अडकतं तेव्हा आवाजच बंद होतो, खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात.

तसं झालं तर बाळाला हातावर पालथं घे, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे पाठीवर तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने ५ थपडा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाब, परत थपडा, असं निघेपर्यंत. सोबत कुणालातरी ॲम्ब्युलन्स बोलवायला लाव. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. दिसत नसेल तर तोंडात बोट फिरवू नकोस, आणखी आत जातं. हे वाचून येत नाही, कुठे शिकवत असतील तर जाऊन बाहुलीवर करून बघ.

भीती समजते मला, ज्यांनी घरात वाईट बघितलंय त्यांना वाईटच होणार असं आधी वाटतं. पण गाळून देत राहिलीस तर नुकसान वेगळंच होतं, ९-१० महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं खाणं मिळालं नाही तर पुढे चावायला कंटाळणारी मुलं जास्त दिसतात. मिक्सर ठेवून दे आणि काट्या-चमच्याने कुस्कर, रोज थोडं कमी कुस्कर. खाताना बाळ सरळ बसलेलं आणि तू समोर, एवढं मात्र कधीही सोडायचं नाही.

६. अंडं आणि शेंगदाणा उशिरा द्यायचा ना, ॲलर्जी होते म्हणून?

आधी तसंच सांगायचे, आता उलटं झालंय. २०१५ मध्ये लीप नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणा देत राहिले त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी निघाली. तेव्हा सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजलेलं अंडं आणि शेंगदाण्याचं गुळगुळीत बटर पातळ करून द्यायचं, दाणे नाहीत. एका वेळी एकच नवीन गोष्ट, सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. बाळाला जोराचा एक्झिमा (अंगावर खाजणारे, कोरडे चट्टे) असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी आली असेल तर घरी प्रयोग करायचे नाहीत, डॉक्टरांना विचारून.

७. लहानपणी मला उपाशी ठेवायचे. आता बाळाने वाटीत ठेवलं की मला बघवत नाही, मी शेवटचा घास घालतेच.

हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या शब्दात आलाय की मोजायचं सोडून दिलं. ज्या घरात परत कधी मिळेल याची खात्री नसते तिथे मिळेल तेव्हा सगळं संपवणं हा शहाणपणाच असतो, तू त्या शहाणपणावर जगलीयस. पण तुझ्या बाळाला उद्या मिळणार आहे, त्यामुळे त्याच्या पोटाला वेगळं काहीतरी शिकायचंय, भरलं की थांबायचं.

एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंची एक वाटणी आहे, मला फार उपयोगी पडली. काय द्यायचं, कधी आणि कुठे हे आईने ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे बाळाने. बास, कुणी दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही.

आता नुसतं हे वाचून हात थांबत नाही, मला माहितीये. म्हणून वाटी लहान घे आणि त्यात दोनच चमचे वाढ. अजून हवं असेल तर बाळ पुढे झुकेल, तोंड उघडेल, मग परत दोन. त्यामुळे टाकायला लागतं तेही एवढंसंच. आणि बाळाच्या वाटीत घेण्याआधी पातेल्यातला भाग झाकून वेगळा ठेव, तो स्वच्छ राहतो, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चालतो, उष्ट्या चमच्याचं मात्र ठेवू नकोस. एका मुलीने सांगितलं की बाळाचं उरलेलं ती स्वतः उभ्याउभ्या खाते आणि तेच तिचं दुपारचं जेवण असतं. असं असेल तर प्रश्न ११ वाच.

८. बाळाने तोंड फिरवलं की मला राग येतो. साधा नाही, खूप. मग रात्री रडत बसते. मी वाईट आई आहे का?

नाही. आता माझंच सांगते. मुलगा सात महिन्यांचा होता, गाजर कुस्करलेलं, तिसऱ्या चमच्याला त्याने ओठ घट्ट मिटले आणि मी त्याची हनुवटी धरली. धरली म्हणजे दाबलीच. आणि त्या क्षणी मला माझा हात ओळखू आला, अंगठा एका गालावर, चार बोटं दुसऱ्या गालावर, मला जी भरवायची तिची पकड अगदी तशीच होती. मी चमचा तिथेच टाकला आणि बेसिनपाशी जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिले.

सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये यावर लिहिलंय, आईवडिलांच्या भूतकाळातली भुतं बाळाच्या खोलीत येऊन बसतात असं. त्यांना दिसलं ते असं की ज्यांना काय घडलं ते आठवतं पण तेव्हा काय वाटलं ते पुसून गेलेलं असतं, त्यांच्या हातून तेच परत घडतं, आणि ज्यांना ती भीती, ती लाज आतून आठवते त्या थांबू शकतात. तू रात्री रडतेस म्हणजे तुला आठवतंय.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तोंड फिरवणं म्हणजे पोट भरलं, किंवा घास गरम आहे, किंवा झोप आली, किंवा दात शिवशिवतोय, एवढंच. सात महिन्यांच्या बाळाला तुझा अपमान करता येत नाही. राग छातीत चढायला लागला की चमचा खाली ठेव, बाळ सुरक्षित बसलंय बघ, पट्टा लावलेला, आणि एक मिनिट मागे हो. परत आल्यावर बाळ तोंड उघडत नसेल तर जेवण संपलं, अर्धा चमचा खाल्लेला असला तरी. नवीन चव ८-१० वेळा, कधी १५ वेळा समोर यावी लागते तेव्हा बाळ ती घेतं, त्यामुळे आजच्या नकाराला काही किंमत नाही, उद्या परत तेच ठेव. आणि चुकून जबरदस्ती झालीच तर उचलून घे, बोल, सॉरी म्हण, हो बाळालाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई-बाळांचे व्हिडिओ अगदी बारीक तपासले तेव्हा चांगल्या जोड्यासुद्धा साधारण ३० टक्केच वेळ एकमेकांशी जुळलेल्या दिसल्या, बाकी सगळा वेळ बिघडणं आणि परत सावरणं.

राग रोजचाच असेल, बाळाला जोरात हलवावंसं, आपटावंसं वाटत असेल तर बाळाला पाळण्यात ठेव, बाहेर ये आणि त्याच वेळी कुणालातरी फोन कर, यात उद्यापर्यंत वाट बघायची नाही.

९. सांडलवंड मला सहनच होत नाही. एक थेंब पडला तरी पुसते, बाळाचा हात धरून ठेवते.

ज्यांना सांडल्याबद्दल मार बसलाय त्या सगळ्या हेच लिहितात. बाळाला मात्र अन्न हाताने चिवडून, दाबून, फेकून बघायलाच लागतं, त्यातूनच ते पुढे स्वतःच्या हाताने खायला शिकतं. तुला एकदम सगळं सोडून देता येणार नाही, म्हणून पसाऱ्याला हद्द घालून घे. खाली जुनी चादर अंथर, बाळाला फक्त लंगोटावर बसव, पहिली ५ मिनिटं फडकं हातात घ्यायचं नाही, घड्याळ लावून. नंतर चादर उचलायची, झटकायची, झालं. आणि पुसायचं ते शेवटी एकदाच, प्रत्येक घासाला तोंड खरवडून पुसलं तर बाळ चमचा बघूनच मान वळवतं आणि मग तुम्ही प्रश्न ८ मध्ये.

१०. मोठ्यांच्या घरात राहते. ते चौथ्या महिन्यातच बाटलीत धान्याची पावडर घालतात, रात्री झोपतं म्हणून. मी काय बोलणार?

बाटलीतून असं द्यायचं नाही, ठसका लागतो, नको तेवढं पोटात जातं, आणि रात्री झोपेल याची काही खात्री नसते. पण तुझा प्रश्न पावडरचा नाहीच, त्यांच्या छताखाली राहून नाही कसं म्हणायचं हा आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या अशाच मुलींसोबतचं काम छापून आलंय, किशोरवयात आई झालेल्या, आपल्या आईच्या घरी राहणाऱ्या. घरी जाऊन त्यांच्याशी बोललं, बाळाच्या खुणा ओळखायला आणि घरातल्या मोठ्या बाईशी कसं बोलायचं ते शिकवलं, तर त्यांच्यातल्या जास्त मुलींनी लवकर खाणं चालू करायचं टाळलं. म्हणजे बोलणं शिकता येतं.

वाद घालू नकोस. ज्यांनी तुला वाढवलं त्यांना 'तुमचं चुकलं' असं ऐकू जातं आणि मग सगळं दूध आणि पावडर बाजूला राहून जुनी भांडणं निघतात. डॉक्टरांचं नाव पुढे कर, 'डॉक्टरांनी सहा महिने सांगितलंय, वजनाच्या दिवशी तुम्हीच या आणि विचारा.' आणि त्यांना काहीतरी काम दे, अंघोळ, फिरवणं, झोपवणं. हातात काम असलं की माणूस बाटलीकडे कमी वळतो, हे माझं मत.

रडलं की दे खायला, ही सवयही बहुतेक अशा घरातूनच येते. आधी लंगोट, झोप, कंटाळा, जवळ घेणं एवढं बघ, शेवटचं खाऊन दोन-अडीच तास झाले असतील तर मग खायला.

११. मी स्वतःच धड खात नाही. कधी दिवसभर काही नाही, कधी लपून खूप. बाळाला हे लागेल का?

बाळ तुझ्याकडे बघून खायला शिकतं हे खरं आहे, पण सुरुवात बाळापासून नको, तुझ्यापासून कर. दूध पाजणाऱ्या बाईला दिवसाला जवळपास ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि तू अजून वाढीच्या वयात असशील तर तुझ्या हाडांनाही वाटा हवा. बाळाचं जेवण असेल तेव्हा तूही बस, समोर, ताटात घेऊन, चार घास का होईना. बाळासमोर 'मी जाडी', 'हे खाल्लं तर वाढेन' असलं बोलू नकोस. उलट्या काढणं, लपून खाणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं चालू असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सगळंच काळं वाटत असेल, बाळाकडे बघून काही वाटतच नसेल तर बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्यासाठी १० प्रश्नांची एडिनबरा नावाची छोटी चाचणी १९८७ पासून वापरात आहे, डॉक्टरकडे मागून घे.

१२. बाळ वेळेआधी झालं, मग सहा महिने कुठून मोजायचे?

जन्मतारखेवरून नाही आणि सरसकट बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेवरूनही नाही, तुझ्या बाळाच्या डॉक्टरांना विचार. प्रश्न १ मधल्या तीन खुणा तरीही बघायच्याच. लोह मात्र बहुतेक आधीपासून थेंबांनी चालू असतं कारण अशा बाळाला साठा करायला वेळच मिळालेला नसतो.

१३. डॉक्टरांना माझ्या लहानपणाबद्दल सांगू का? बाळ काढून घेतील अशी भीती वाटते. आणि इंटरनेटवरच्या त्या लहानपणीच्या त्रासाच्या प्रश्नावलीतल्या स्कोअरचं काय, माझा ८ आला.

आधी स्कोअर. १९९८ मध्ये फेलिटी आणि आंदा यांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, लहानपणीचा मार, दुर्लक्ष, घरातलं व्यसन असल्या अनुभवांचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध दाखवणारा. तिथून ती प्रश्नावली इंटरनेटवर फिरतेय. पण ती हजारो लोकांच्या गटाबद्दल सांगते, एका बाईबद्दल नाही, खुद्द आंदा यांनीच २०२० मध्ये लिहिलंय की एकेका माणसाचं भविष्य काढायला तो आकडा वापरू नका. तुझा ८ म्हणजे तुझ्यावर ८ प्रकारचे प्रसंग आले, तू काय करशील ते त्यात लिहिलेलं नाही.

सांगायचं की नाही ते तुझ्या हातात. सगळी कथा सांगायची गरज नसते, एवढं पुरतं: 'लहानपणी जेवणावरून मला त्रास झालाय, त्यामुळे भरवताना मला ताण येतो, मदत हवीय.' मदत मागणं हा गुन्हा नाही. ऐकणारं माणूस कपाळाला आठ्या घालत असेल तर दुसरं शोध, मला तिसरीकडे मिळालं.

१४. कामावर परत जायचंय. बाळाला ठेवायला एकच माणूस आहे, जिने मला वाढवलं तीच. ती आता खूप बदललीय म्हणते.

यावर मी कुणाला हो किंवा नाही सांगत नाही. मारहाण झालेली असेल, किंवा घरात आजही दारू, मारामारी असेल तर बाळ तिथे एकटं ठेवू नये, एवढं सरळ सांगते, मग कामाची वेळ बदलावी लागली तरी. फक्त उपाशी ठेवणं, कोंबणं, टोमणे असं असेल तर पहिले काही आठवडे तू घरात असताना तिला भरवू दे आणि बाजूला बसून बघ. बाळाने तोंड मिटल्यावर तिचा हात थांबतो का, तेवढंच बघायचं. थांबत असेल तर सूचना कागदावर लिहून फ्रीजवर लाव, किती वाजता, काय, आणि 'नको म्हटलं की बंद'. थांबत नसेल तर तुला उत्तर मिळालं.

१५. बाळ बाकी सगळ्यांच्या हातून खातं, माझ्याच हातून नाही. मला ते ओळखतं का, की मला जमत नाही?

दूध तुझ्या अंगावरचं असेल तर बाळाला तुझा वास आला की दूधच हवं असतं, चमचा नको. याचं कारण इतकं साधं असतं बऱ्याचदा. दूध आणि खाणं यात तासभर अंतर ठेवून बघ. दुसरं, तू भरवताना श्वास धरून बसतेस का बघ, तोंडाकडे एकटक, खांदे वर. बाळाला ते कळतं. मी एका मुलीला सांगितलं की चमचा बाळाच्याच हातात दे आणि दुसरा तुझ्या, आणि तू आपलं आपलं खा, त्याच्याकडे बघूही नकोस. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी तिने फोटो पाठवला, बाळाने स्वतःचा चमचा टाकून दिला होता आणि तिच्या ताटातला बटाटा मुठीत धरून खात होतं.